झेब्रा पट्ट्यांची कुळकथा

रस्ता ओलांडण्यासाठी आखलेले पांढरे पट्टे इतके अंगवळणी पडले आहेत, की ते कोणी तरी मुद्दाम शोधून काढले असतील असं मनातही येत नाही. रंग हाताशी होता, रस्ता समोर होता, कोणी तरी पट्टे ओढले आणि पुढे तीच रीत पडली, असं वाटतं. खरी हकीकत वेगळी आहे. झेब्रा क्रॉसिंग हा एका फसलेल्या खुणेवर शोधलेला इलाज आहे. ब्रिटनमध्ये १९३४ साली लेस्ली होअर-बेलिशा वाहतूकमंत्री झाले, तेव्हा मोटारी झपाट्यानं वाढत होत्या आणि पायी चालणारी माणसं त्यांच्याखाली सापडत होती. बेलिशांच्या कारकिर्दीत वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० मैलांची मर्यादा आली, नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा नेमून देण्यात आल्या. अशा जागी दोन्ही कडांना काळा-पांढरा खांब आणि त्यावर नारिंगी गोळा असे. त्या गोळ्यांना आजही बेलिशांचंच नाव आहे. रस्त्यावर मात्र धातूच्या बटणांच्या दोन आडव्या रांगा ठोकलेल्या असत, एवढंच. फुटपाथवरच्या माणसाला त्या पायाशी स्वच्छ दिसत आणि आपली वाट आखून दिली आहे असा भरवसा वाटे. गाडीत बसलेल्याला काही अंतरावरून त्या जवळपास दिसतच नसत. एकाला दिलेलं आश्वासन ज्यानं पाळायचं, त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

युद्ध संपल्यावर हा दोष रस्ते संशोधन प्रयोगशाळेकडे सोपवला गेला. तिथले पदार्थवैज्ञानिक जॉर्ज चार्ल्सवर्थ आणि त्यांचे सहकारी यांनी प्रश्न कसा मांडला, हे पाहण्यासारखं आहे. रस्त्यावर काय शोभेल, हे त्यांनी विचारलं नाही. कोणता नमुना चालकाला सर्वांत लांबून ओळखू येतो, हे विचारलं. निरनिराळे आकार, निरनिराळ्या रंगांच्या जोड्या तपासल्या गेल्या. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचाही विचार झाला. १९४९ मध्ये सुमारे हजार ठिकाणी प्रत्यक्ष रस्त्यांवर प्रयोग झाले, काळ्या-पांढऱ्याची सरशी झाली आणि ३१ ऑक्टोबर १९५१ पासून ब्रिटनमध्ये झेब्रा क्रॉसिंगचे नियम लागू झाले. नाव कोणी दिलं याबाबत पुढे पंतप्रधान झालेल्या जेम्स कॅलहन यांच्याकडे बोट दाखवलं जातं. ते खरं असो वा नसो. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की पट्टे आणताना सरकारनं आधीच्या ओलांडण्याच्या जागा मोठ्या प्रमाणावर कमी केल्या. जिथे-तिथे क्रॉसिंग असलं की चालक कुठेच थांबत नाही, हे तोवर ध्यानात आलं होतं. म्हणजे झेब्रा जन्मला तोच दोन अटींसह: तो लांबून ओळखू यावा, आणि जिथे असेल तिथे त्याचा मान राहावा.

पट्टे गाड्यांच्या दिशेनं लांब का असतात, याचं उत्तर साध्या भूमितीत आहे. मोटारीत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर असतो. त्याच्यापुढे ६० मीटरवर रस्त्यावर आडवी ओढलेली ३० सेंटीमीटर रुंद रेघ त्याच्या डोळ्याशी अंशाच्या साठाव्या भागाच्या, म्हणजे एका कलेच्या, जेमतेम एक-तृतीयांश इतकाच कोन करते. निरोगी डोळ्याला तपशील वेगळा ओळखायला साधारण एक कला लागते. ती रेघ त्याच्या दृष्टीनं डांबरात विरघळलेली असते. तोच रंग गाडीच्या दिशेनं ३ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद पट्ट्यात वापरा. उभ्या दिशेनं तो तीन कलांहून जास्त भरतो, आडव्या दिशेनं अठ्ठावीस-एक कला, आणि शेजारी तेवढ्याच रुंदीचं काळं डांबर असतं, त्यानंतर पुन्हा पांढरं. या आलटून-पालटून येण्यामुळे झेब्रा नजरेत भरतो. ताशी ५० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला १४ मीटर कापते. चालकाच्या ध्यानात येऊन ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही ३५ मीटर सहज जातात. म्हणून ६० मीटरवरून ओळखू येणं ही चैन नाही, तो हिशेबाचा भाग आहे. रस्त्यावरची खूण किती रंगानं आखली याला महत्त्व नाही. ज्याच्यासाठी ती आहे त्याला ती वेळेत ओळखू येते का, एवढ्यावरच तिची किंमत ठरते. हे एकदा मान्य केलं, की आपल्याकडची बहुतेक क्रॉसिंग आखली जातात ती दुसऱ्याच कशासाठी तरी, हे कबूल करावं लागतं.

मुंबईत आणि इतर शहरांत डांबराच्या जागी काँक्रीटचे रस्ते येत आहेत, त्यांचंच घ्या. फिकट राखाडी काँक्रीटवर पांढरा पट्टा ओढला की पांढरा उरतो, पण झेब्रा उरत नाही. कारण त्याचा अर्धा भाग असलेला काळा रंग पूर्वी डांबर फुकट पुरवत होतं. आता मधले भाग मुद्दाम काळे रंगवल्याशिवाय तो विरोध परत येणार नाही. रंगाचं बिल वाढतं म्हणून ते टाळणं म्हणजे अर्धंच अक्षर लिहून वाचणाऱ्याला बोल लावणं. नावीन्याच्या हौसेचीही तीच गत. खुद्द ब्रिटननं १९६२ मध्ये ‘पांडा’ क्रॉसिंग काढलं होतं: पट्ट्यांऐवजी त्रिकोण, जोडीला बटण दाबून चालणारे, निरनिराळ्या गतींनी लुकलुकणारे दिवे. कोणत्या लुकलुकण्याला थांबायचं आणि कोणत्याला निघायचं हे लोकांना उमगेना. पाच वर्षांत ते गुंडाळावं लागलं आणि १९६९ मध्ये सुटसुटीत पेलिकन सिग्नल आला. आपल्याकडे २०१६ च्या सुमारास त्रिमिती पट्ट्यांचं कौतुक झालं: अहमदाबादेत ते रंगवले गेले आणि केंद्रीय पातळीवरही त्यांचा पुरस्कार झाला. रस्त्यावर ठोकळे तरंगताहेत असा भास होऊन चालक दचकून थांबेल, ही कल्पना. पण असा भास एकाच दिशेनं आणि ठरावीक अंतरावरूनच साधतो. शिवाय रोज त्याच वाटेनं जाणारा चालक आठवड्याभरात शिकतो, की समोर दिसतं ते खरं नसतं. रस्त्यावरच्या खुणेनं हाच एक धडा शिकवता कामा नये.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे, आणि इथे डागडुजीचा संबंध थेट जिवाशी येतो. रात्री पट्टा दिसतो तो रंगामुळे कमी आणि काचेच्या मण्यांमुळे जास्त. खसखशीसारखे बारीक गोल मणी रंगात मिसळलेले आणि वरून शिंपडलेले असतात. हेडलाइटचा प्रकाश मण्यात शिरतो, वाकतो, तळाच्या पांढऱ्यावर आपटतो आणि आला त्याच वाटेनं चालकाकडे परततो. यासाठी मणी साधारण अर्धा रुतलेला आणि अर्धा उघडा हवा. थर्मोप्लास्टिकचं मिश्रण दोनशे अंशांच्या आसपास वितळवून रस्त्यावर ओततात. ते फार पातळ असताना मणी टाकले तर बुडून जातात आणि प्रकाश आतच अडतो. थर निवल्यावर टाकले तर नुसते चिकटतात आणि पहिल्या काही दिवसांत चाकांखाली निखळतात. खालच्या धुळीवरच थर ओतला तर पट्टाच पापुद्र्यासारखा सुटतो. ही तिन्ही कामं दिवसाउजेडी सारखीच पांढरीशुभ्र दिसतात आणि फोटोतही सारखीच येतात. फरक कळतो रात्री. त्यात पावसाचं पाणी मण्यांवर साचलं की प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागावरून पुढे निसटतो आणि चांगला पट्टाही मंदावतो. चार महिने पाऊस झेलणाऱ्या मुलखात याचा विचार आधी व्हायला हवा होता.

आपल्याकडे नियम नाहीत, असं म्हणता येणार नाही. रस्त्यांचा शास्त्रशुद्ध विचार व्हावा यासाठी १९२७ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. तिच्या शिफारशींतून पुढे १९३४ मध्ये, म्हणजे बेलिशांच्या गोळ्यांच्याच वर्षी, इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. रस्त्यावरच्या खुणांसाठी तिची आयआरसी ३५ ही संहिता १९७० पासून आहे आणि ती २०१५ मध्ये नव्यानं लिहिली गेली. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या पादचारी क्रॉसिंगपाशी चालकानं वेग कमी करून, थांबून पायी चालणाऱ्याला वाट द्यायची आहे. तरीही २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यांवर मेले, असं केंद्रीय परिवहन मंत्रालयाचीच आकडेवारी सांगते. यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, आपले चालक थांबतच नाहीत, मग पट्टे नीट आखून उपयोग काय? चालक बेशिस्त आहेत हे खरंच. पण जी खूण दिसत नाही, किंवा जी थेट दुभाजकाच्या कुंपणात जाऊन संपते, तिच्यापुढे शिस्त दाखवायची तरी कशी? पुसट पट्ट्यांपाशी दंड करणाऱ्या पोलिसाचीही बाजू लंगडी पडते, आणि चालकाला सवय लागते ती पट्टे हे रस्त्यावरचे डाग समजण्याची. मग शेजारच्या चौकातले नवे पट्टेही त्याला डागच वाटतात. बेशिस्त हे पट्ट्यांच्या दुर्दशेचं कारण म्हणून पुढे केलं जातं. त्या बेशिस्तीचा बराचसा भाग या दुर्दशेतूनच आला आहे.

खरा अवघड आक्षेप दुसराच आहे आणि तो अमेरिकेतल्या अभ्यासांतून येतो. ब्रूस हर्म्स यांनी सॅन डिएगोतल्या ४०० चौकांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक चौकात एका बाजूला पट्टे होते आणि एका बाजूला नव्हते; वापराच्या प्रमाणात पाहता पट्ट्यांवरचे अपघात सुमारे दुप्पट भरले. तेव्हापासून कित्येक अभियंते सांगत आले, की पट्टे पादचाऱ्याला खोटा धीर देतात, ते नसलेलेच बरे. हा निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही. पण पुढे चार्ल्स झेगीर आणि सहकाऱ्यांनी ३० शहरांतली पट्टे असलेली १,००० आणि नसलेली १,००० ठिकाणं तपासली, आणि २००५ च्या त्यांच्या अहवालात चित्र अधिक स्पष्ट झालं. दोन लेनच्या रस्त्यांवर पट्टे असण्या-नसण्यानं फरक पडत नव्हता. अनेक लेनच्या आणि दिवसाला १२,००० हून अधिक गाड्या वाहणाऱ्या रस्त्यांवर मात्र इतर काहीही सोय न करता नुसते पट्टे आखले, तर ते न आखण्यापेक्षा वाईट ठरत होते. कारण असं, की पहिल्या लेनमधली गाडी थांबते, पादचारी पुढे होतो, आणि त्या थांबलेल्या गाडीच्या आडून दुसऱ्या लेनमधली गाडी येते. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. म्हणजे अडचण पुन्हा दिसण्याचीच. अशा रस्त्यावर मध्ये उभं राहायला सुरक्षित बेट हवं, पट्ट्यांच्या बरंच अलीकडे स्टॉप लाइन हवी, नाही तर सरळ सिग्नलच हवा. ब्रिटननं १९७१ पासून झेब्राच्या अलीकडे-पलीकडे नागमोडी रेघा आखून तिथे गाडी उभी करायला आणि ओव्हरटेक करायला बंदी केली, ती याच कारणानं. पट्टे निरुपयोगी आहेत असं हे अभ्यास सांगत नाहीत. रुंद रस्त्यावर कोणत्याही आधाराशिवाय टाकलेले पट्टे पादचाऱ्याला फसवतात, एवढंच सांगतात. आणि आपल्या शहरांतले रुंद रस्ते नेमके अशा पट्ट्यांनी भरलेले आहेत. तिथे सिग्नल बसवायला पैसे नसतील, तर पट्टे न आखण्याचा निर्णय जाहीरपणे घेणं हे आखून मोकळं होण्यापेक्षा प्रामाणिक आहे.

उरतो खर्चाचा मुद्दा. दर वर्षी पट्टे मारणं परवडत नाही, ही तक्रार अगदीच खोटी नाही. पण पैसे कशाचे मोजतो, हेही पाहावं. चौरस मीटरच्या हिशेबानं बिल दिलं, तर ठेकेदाराला मणी नीट रुतवण्याचं कारणच उरत नाही. क्षेत्रफळ भरलं की काम संपलं. रात्री पट्टा किती प्रकाश परत करतो हे मोजणारं यंत्र मिळतं. ३० मीटरवरून पाहणाऱ्या चालकाला काय दिसेल, याचाच आकडा ते रस्त्यावर ठेवल्या ठेवल्या सांगतं. लेनच्या आणि कडेच्या रेघांसाठी अमेरिकेनं २०२२ मध्ये अशा आकड्याची किमान पातळी ठरवून दिली: ताशी ३५ मैल आणि त्याहून जास्त मर्यादेच्या रस्त्यांवर दर चौरस मीटरला, दर लक्समागे ५० मिलिकँडेला. आपल्याकडे मोजणी आखल्यावर एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा करावी, आणि बिलाचा ठळक हिस्सा दुसऱ्या मोजणीपर्यंत राखून ठेवावा. केबल किंवा पाइपसाठी रस्ता खोदायची परवानगी देतानाच पट्टे पूर्ववत करण्याची रक्कम वेगळी भरून घ्यावी, म्हणजे डांबराचं काळं ठिगळ पट्ट्यांच्या मधोमध पुढच्या निविदेची वाट पाहत राहणार नाही. आणि एवढं करूनही पैसे कमी पडले, तर १९५१ मध्ये ब्रिटननं केलं तेच करावं: शाळा, दवाखाने, बसथांबे आणि स्टेशनांपाशी निवडक क्रॉसिंग ठेवावीत, ती वर्षभर दिसतील अशी राखावीत आणि बाकीची खरवडून काढावीत.