चार्ज : लादलेला शब्द

फौजेच्या नोकरीत 'चार्ज' हा शब्द माझ्या रोज कानावर पडे. बदली झाली की चार्ज द्यायचा, घ्यायचा. म्हणजे स्टोअरमधली एकेक वस्तू मोजून सही करायची. सुरुंगात भरायची दारू, तोही चार्ज. जवानावर आरोप आला की चार्जशीट. आणि संगीन लावून शत्रूवर तुटून पडणं, तोही चार्जच. (मोबाइलचा फार नंतर आला.)

मुळाशी आहे लॅटिनमधली गाडी, 'कॅरस'. तिच्यावर माल लादायचा, या अर्थाने शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरला. जबाबदारी, आरोप, दारू, सगळं लादलेलंच.

हल्ल्याच्या अर्थाला खरी कीर्ती दिली ती १८५४ च्या बालाक्लाव्हाने. गंमत म्हणजे लॉर्ड रॅग्लनच्या लेखी हुकमात 'चार्ज' शब्दच नव्हता. घोडदळाने वेगाने पुढे सरकावं, असं होतं. सहाशेंवर स्वार रशियन तोफांच्या तोंडी गेले.

पण तिथे समोर तोफा तरी होत्या. ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरात सायमन कमिशनच्या निषेधाला जमलेली माणसं निःशस्त्र होती, तरी पोलिसांच्या कारवाईचं नाव 'लाठीचार्ज'. लाला लजपतराय जबर जखमी झाले. १७ नोव्हेंबरला गेले. त्याचा सूड घेणाऱ्यांत आपल्या खेडचे राजगुरू होते. शिपायाच्या भाषेत याला चार्ज म्हणत नाहीत, मारहाण म्हणतात. वर्तमानपत्रं मात्र आजही 'सौम्य लाठीचार्ज' छापतात.