अनाथालयापासून आजोळापर्यंत

1906 पर्यंत खानदेश हा एकच अखंड जिल्हा होता. त्यानंतर त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले गेले. विभाजनापूर्वीच्या दशकात या भूमीवर संकटांची रांगच लागली. 1896 साली मुंबईत उद्भवलेला प्लेग हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला. 1899-1900 साली ‘छप्पन्न्या’ दुष्काळ पडला आणि उपासमारीच्या पाठोपाठ पटकी आली. पुढे 1918 च्या इन्फ्लुएंझाने ऐन उमेदीची माणसे नेली. मागे राहिली लेकरे.

आईबाप गेले की मूल आजोळी किंवा काकांकडे जाई. पण दुष्काळात ती घरेही रिती झालेली असत. तेव्हा आधार होता अनाथालयांचा. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांत व गुजरातेतून शेकडो दुष्काळग्रस्त मुली केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. त्या जगल्या, शिकल्या. या कार्याचे ऋण मोठे आहे. तथापि जीव वाचताना गाव, गोत आणि घरची बोली दुरावली, हेही विसरता येत नाही.

सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच निवर्तल्या. आज राज्याची बालसंगोपन योजना त्यांच्याच नावाने चालते. या योजनेत मूल संस्थेत न जाता नातलगांच्या वा दुसऱ्या कुटुंबाच्या घरी वाढते व त्याच्या पालनासाठी दरमहा मदत मिळते. 2023 साली ही रक्कम 1,100 वरून 2,250 रुपये झाली.

2020 च्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातील कोरोनाचे मृत्यू राज्यभर चिंतेचा विषय ठरले होते. 2021 साली शासनाने, दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला.

परंतु मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे प्रमाणपत्र, बँकेचे खाते हे सारे जमवून बालकल्याण समितीपुढे जायचे, तर कापूस वेचणाऱ्या मामाची वा मावशीची मजुरी बुडते. नातवाला उराशी धरणाऱ्या आजीला अर्जातला रकानाही वाचता येत नाही. येथेच शेजाऱ्याचे, धर्मग्रामाचे काम सुरू होते. तिच्यासोबत एक दिवस कचेरीत जाणे, मुलाची शाळा सुटणार नाही हे पाहणे, सणाला त्याला आपल्या पंगतीत बसविणे, एवढे आपण करू शकतो. शंभर वर्षांपूर्वी लेकराला आसऱ्यासाठी गाव सोडावे लागले. आज तो आसरा त्याच्याच गावात उभा करता येईल.