काढा

लहानपणी मला वाटायचं, पानांतला कडूपणा ‘काढून’ घेतात म्हणून तो काढा. आजी अडुळशाची पानं, आलं, मिरी पाण्यात टाकून बसायची आणि त्यातून अर्क निघायचा, तेव्हा व्युत्पत्ती डोळ्यांसमोरच होती! पण ती चुकीची. ‘काढणे’ हे वेगळ्या कुळातलं क्रियापद. काढा आला संस्कृत ‘क्वाथ’वरून, म्हणजे ‘क्वथ्’, उकळणे. प्राकृतात ‘थ’चा ‘ढ’ झाला आणि कढणे, कढत, कढ ही सगळी भावंडं मराठीत आली. ताकाची कढीही त्यातलीच. मायेचे कढ येतात तेही याच चुलीवरचे. कढई मात्र त्या घरची नव्हे. ती ‘कटाह’वरून आली.

शब्दातच उकळणं असल्यामुळे काढा घाईचा नाही. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातलं माप असं: भरड औषधाच्या सोळापट पाणी घालायचं, मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. मग गरम पाण्यात पुडी बुडवून दोन मिनिटांत तयार होतो तो ‘हर्बल टी’ कोण? शास्त्रात त्यालाही नाव आहे, ‘फांट’. रात्री थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळलेलं धन्याचं पाणी म्हणजे ‘हिम’. उन्हाळ्यात जळजळ होऊ लागली की घरोघरी पितात ते.

फांट हा शब्द बोलण्यात रुळला नाही. आपण सगळ्यालाच काढा म्हणतो, अगदी उकळी फुटताच उतरवलेल्या गवती चहालासुद्धा.