वऱ्हाडचे सार्वभौमत्व आणि राज्यशास्त्राचा अभ्यास

अकोल्यानजीकच्या बार्शीटाकळी येथे कालंका देवीचे प्राचीन मंदिर असून तेथील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६ च्या सुमाराचा आहे. मध्ययुगीन लेखांत राज्यकर्त्याचे नाव आणि शक नमूद करण्याची प्रथा असल्यामुळे एखादे गाव कोणाच्या सत्तेखाली होते, याचा निर्णय अशा लेखांच्या आधारे करता येतो. परंतु त्यानंतर साडेसातशे वर्षांनी, इ. स. १९२५ मध्ये, याच बार्शीटाकळीचा खातेदार कोणाचा प्रजाजन होता, असा प्रश्न केला, तर त्याचे उत्तर तितके सरळ देता येत नाही. सारा तो इंग्रजी अंमलाखालील तहसिलीत भरीत असे. त्याचे दावे इंग्रजांनी नेमलेल्या न्यायाधीशांपुढे चालत. तथापि कायद्याच्या दृष्टीने त्याची भूमी ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हती. ती हैदराबादच्या निजामाची होती. सार्वभौमत्व एकाचे आणि कारभार दुसऱ्याचा, ही स्थिती वऱ्हाडात जवळजवळ शंभर वर्षे टिकली. राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांच्या अभ्यासकाला याहून बोधप्रद उदाहरण आपल्या प्रदेशात क्वचितच सापडेल.

या स्थितीचे मूळ हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चात आहे. ही फौज नावाने निजामाची, पण हुकमतीने इंग्रजांची होती. तिच्या पगाराची बाकी तुंबत गेली आणि निजामाच्या डोक्यावर कर्ज चढले. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत, मे १८५३ मध्ये, नासिरउद्दौला निजामाने तहावर सही केली व वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडे सोपविला. उत्पन्नाचा हिशेब इंग्रजांनी द्यावा आणि शिल्लक रक्कम निजामास पोचती करावी, असे ठरले. मुलूख तोडून दिला नव्हता, केवळ नेमून दिला होता. म्हणूनच सरकारी कागदोपत्री वऱ्हाडचे नाव ‘हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे’ असे पडले. १८६० च्या तहाने सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर व धाराशिव परत मिळाले. मात्र हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला आणि वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले. पहिले सालारजंग यांनी दिवाण या नात्याने वऱ्हाड परत मिळविण्याचा सतत प्रयत्न केला. १८७६ साली ते इंग्लंडलाही जाऊन आले. परंतु १८८३ साली त्यांचे निधन झाले, तोवर यश आले नाही.

लॉर्ड कर्झनने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड सालीना २५ लाख रुपये भाड्याने इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने आले. करारात निजामाच्या सार्वभौमत्वाचा पुनरुच्चार होता. पण मुदतच नसलेल्या पट्ट्यात त्या सार्वभौमत्वाला उरले काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. पुढील वर्षी ऑक्टोबरमध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला कारभारापुरते जोडण्यात आले. येथील कायदेही ब्रिटिश हिंदुस्थानचे म्हणून आपोआप लागू होत नसत. परकीय प्रदेशातील अधिकारासंबंधीच्या हुकुमान्वये ते स्वतंत्र अधिसूचनेने लागू करावे लागत.

वऱ्हाडच्या उच्च शिक्षणाच्या इतिहासात इ. स. १९२३ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्यापूर्वी नागपूरची महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, सर बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले, आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. बार्शीटाकळीसारख्या गावातील विद्यार्थ्याला आपल्याच प्रांतातील विद्यापीठाचे उच्च शिक्षण घेण्याची वाट मोकळी झाली. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या २५ ऑक्टोबरला मीर उस्मान अली खान निजामाने व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांस पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. परराष्ट्रव्यवहार वगळता अंतर्गत बाबतीत आपण इंग्रज सरकारच्या बरोबरीचे आहोत, असा त्यांचा पक्ष होता. वादाचा निर्णय करण्यासाठी आयोग नेमावा, अशी मागणीही त्यांनी पुढे केली.

२७ मार्च १९२६ रोजी रीडिंग यांनी उत्तर दिले. हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वोपरी असून कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. ही सर्वोपरी सत्ता केवळ तहनाम्यांवर आधारलेली नसून त्यांच्याहून स्वतंत्र आहे. आणि वऱ्हाडचा प्रश्न आता पुन्हा उकरता येणार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. संस्थाने व राजसत्ता यांच्या संबंधांवरील पुढील बहुतेक ग्रंथांत या पत्राचा उल्लेख येतो. १९२७ साली नेमलेल्या बटलर समितीनेही १९२९ च्या अहवालात सर्वोपरी सत्तेची व्याप्ती मर्यादित करण्यास नकार दिला. विद्यार्थी हे पत्र सिद्धांताच्या प्रकरणात वाचतो. ते वऱ्हाडच्या मुलुखावरून झालेल्या वादात लिहिले गेले, हे मात्र त्याच्या लक्षात क्वचितच आणून दिले जाते.

हीच गोष्ट जगाच्या नकाशावर ठेवून पाहिली, म्हणजे वऱ्हाडचे स्वरूप स्पष्ट होते. १८७८ साली सायप्रस तुर्की सुलतानाच्या सार्वभौमत्वाखाली राहूनही इंग्रजांच्या कारभाराखाली गेले व १९१४ मध्ये खालसा झाले. बोस्निया-हर्झेगोव्हिना त्याच वर्षी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेले व १९०८ मध्ये त्या साम्राज्यात विलीन झाले. १८९८ मध्ये चीनकडून पट्ट्याने घेतलेले वैहायवै १९३० मध्ये परत करण्यात आले. तथापि या उदाहरणांत आणि वऱ्हाडात एक भेद आहे. तुर्कस्तान व चीन ही राष्ट्रे कितीही दुर्बळ असली तरी राष्ट्रसमाजात त्यांना स्थान होते; हैदराबादला ते कधीच नव्हते. म्हणून सायप्रसचा प्रश्न आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कक्षेत येतो, आणि वऱ्हाडचा प्रश्न रीडिंग यांच्या एका पत्राने बंद होतो. तह दोघांनी केला, पण त्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार एकानेच आपल्याकडे ठेवला, ही यातील खरी मेख होय.

या सर्व व्यवहारात तिसऱ्या पक्षाची, म्हणजे वऱ्हाडच्या लोकांची, संमती कोणत्याही तहात विचारलेली आढळत नाही. आपल्याला वऱ्हाड मिळाल्यास तेथे जबाबदार राज्यपद्धती देऊ, असे निजामाने आश्वासन दिले होते. परंतु वऱ्हाडच्या पुढाऱ्यांना ते रुचले नाही. दुसरीकडे इंग्रजांच्या सुधारणांतही एक विचित्र भूमिका होती. १९१९ च्या कायद्यानंतर वऱ्हाडचे मतदार प्रतिनिधी निवडीत, पण प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्यामुळे निवडून आलेल्या व्यक्तीची कायदेमंडळावर रीतसर ‘नेमणूक’ करावी लागे. लोकमताने निवडलेला मनुष्य नियुक्त म्हणून सभागृहात बसे. निवडणुकीचा देखावा आणि सार्वभौमत्वाचा देखावा, दोन्ही एकाच वेळी सांभाळण्यासाठी केलेली ही योजना होती.

१९३५ च्या कायद्यानुसार मध्यप्रांत व वऱ्हाड मिळून एक प्रांत मानण्यात आला. ऑक्टोबर १९३६ च्या नव्या कराराने निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, त्यांच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, आणि २५ लाखांचे देणे चालू राहिले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सर्वोपरी सत्ता संपुष्टात आली, तेव्हा कागदावर वऱ्हाडचे भवितव्य पुन्हा अनिश्चित झाले. त्याच्या एकच आठवडा आधी, ८ ऑगस्टला, अकोल्यात शंकरराव देव, बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख प्रभृतींनी संयुक्त महाराष्ट्रात विदर्भाच्या स्थानाविषयी करार केला, ही घटना या संदर्भात दुर्लक्षिता येत नाही. वऱ्हाडविषयीचे पूर्वीचे करार राजे आणि रेसिडेंट यांच्यामध्ये झाले होते. हा करार लोकपुढाऱ्यांनी आपसांत केला, आणि तोही वऱ्हाडच्याच भूमीवर. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर हैदराबादचा दावा व्यवहारतः संपला, आणि २६ जानेवारी १९५० रोजी संविधानाने वऱ्हाडचा रहिवासी भारताचा नागरिक झाला. बार्शीटाकळीच्या खातेदाराविषयीच्या प्रश्नाला त्या दिवशी प्रथमच निःसंदिग्ध उत्तर मिळाले.

या इतिहासावरून अध्ययनपद्धतीविषयी एक निष्कर्ष काढता येतो. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय वेस्टफालिया, व्हर्साय व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यापासून सुरू होतो, असा समज आपल्या विद्यार्थ्यांत रुजलेला आहे. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे १९१९ साली या विषयाचे पहिले अध्यासन स्थापन झाले, हे त्यांना ठाऊक असते. पण त्यानंतर अवघ्या काही वर्षांत आपल्याच जिल्ह्यांवरून सार्वभौमत्वाचा एक मोठा वाद लढला गेला, हे ठाऊक नसते. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यापासून वऱ्हाडला स्वतःचे विद्यापीठ आहे. सार्वभौमत्व, पट्टा, नियुक्ती, संमती या संज्ञा केवळ व्याख्या म्हणून पाठ करण्यापेक्षा १८५३, १८६०, १९०२ व १९३६ चे चार करार समोर ठेवून त्या शिकविल्या, तर त्यांचा अर्थ अधिक पक्का होईल. कारण सत्तेचा प्रश्न अखेर एखाद्या गावच्या साऱ्याच्या पावतीवर आणि मतदाराच्या यादीवर येऊन ठरतो. ही पावती व ही यादी वाचण्यास शिकविणे, हे वऱ्हाडातील राज्यशास्त्राच्या अध्यापनाचे पहिले कर्तव्य ठरते.