'मिर्झा' म्हणजे नेमके कोण?

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाने मिर्झाराजे जयसिंह हे नाव ऐकलेले असते. १६६५ च्या पुरंदरच्या तहाचा विषय निघाला की मुले विचारतात, "मिर्झाराजे मुसलमान होते का?" उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवत असल्याने मला या प्रश्नाचे उत्तर आधी शब्दात शोधावेसे वाटते.

'मिर्झा' हे 'अमीरजादा' या शब्दाचे झिजलेले रूप आहे. 'अमीर' हा शब्द अरबी. त्याच्या मुळाशी 'अम्र' म्हणजे हुकूम आहे. हुकूम करणारा तो अमीर. श्रीमंत हा अर्थ नंतर चिकटला. 'जादा' हा शब्द फारसी, म्हणजे जन्मलेला. शहजादा, साहेबजादा यांतला हाच. थोडक्यात, मिर्झा म्हणजे सरदारपुत्र. 'अमीर'चे अरबी अनेकवचन 'उमरा'. आपल्या मराठीतला 'उमराव' त्यातूनच आला.

तैमूरचे वंशज हा किताब आपल्या नावानंतर लावत. बाबरचे वडील उमर शेख मिर्झा. त्या घराण्यात गादीवर बसलेला राजाही मिर्झाच म्हणवला जाई. १५०७ मध्ये काबूलला असताना बाबराने आपल्याला 'पादशाह' म्हणावे असा हुकूम काढला. पुढे हिंदुस्थानात राज्यकर्ता बादशहा झाला आणि मिर्झा हा मान राजपुत्रांकडे, मोठ्या मानकऱ्यांकडे राहिला. बादशहा तो बहालही करू लागला. आमेरच्या कछवाहा राजपूत जयसिंहांना शहाजहानने 'मिर्झा राजा' हा किताब दिला. त्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला नाही. तो दरबारातला मान होता.

इराणमध्ये तर या शब्दाची आणखी गंमत झाली. तिथे नावानंतर मिर्झा आला तर तो राजपुत्र, जसे काजार घराण्याचे युवराज अब्बास मिर्झा. नावाआधी आला तर मात्र तो शिकलेला माणूस, मुन्शी, कारकून. एकोणिसाव्या शतकातले इराणचे वजीर मिर्झा तकी खान, म्हणजेच अमीर कबीर, हे एका आचाऱ्याचे चिरंजीव. जन्माने ते कुठल्याही सरदाराचे पुत्र नव्हते. लेखणीच्या जोरावर ते मिर्झा झाले, वजीर झाले आणि तेहरानमध्ये 'दारुल फुनून' ही आधुनिक शिक्षणसंस्था त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.

आपल्याकडचे गालिब पाहा. मिर्झा असदुल्ला बेग खान या एका नावात मिर्झा, बेग आणि खान असे तीन किताब आहेत. तरीही पेन्शनसाठी त्यांना दिल्लीहून कलकत्त्यापर्यंत जावे लागले आणि कर्जाने शेवटपर्यंत पाठ सोडली नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण आजचे आहे. आज मिर्झा हे आडनाव आहे. बाहेरचे लोक ते ऐकले की लगेच धर्म ठरवतात आणि काही जण तर आपल्याच देशातल्या माणसाला परक्या मुघलांचा वारस ठरवून मोकळे होतात. आपल्या समाजातही सोयरीक जुळवताना काही घरे "आम्ही मिर्झा" असे ऐटीत सांगतात आणि पिंजारी, अत्तार, बागवान अशा कष्टकरी बिरादऱ्यांना कमी लेखतात. दोघांनाही वाटते की या शब्दात रक्त लिहिलेले आहे.

इतिहास तसे म्हणत नाही. हा किताब राजपूत राजाला मिळाला, तैमूरच्या वंशजाला मिळाला आणि आचाऱ्याच्या मुलालाही मिळाला. म्हणून केवळ नावावरून कोणाचा धर्म ठरत नाही आणि कुळही ठरत नाही. मिरवायचेच असेल तर आपल्या मुलांनी मिर्झा तकी खान यांच्यासारखे शिकून मोठे व्हावे. त्या अर्थाने पिंजाऱ्याची मुलगीही मिर्झा होऊ शकते.