मुंबईची गीते व गायक-वादक

मुंबई शहराच्या जीवनातून निर्माण झालेली अथवा त्या जीवनाचे चित्रण करणारी गीते आणि ती रचणारे, गाणारे व वाजविणारे कलावंत यांची परंपरा. तीत कोळीगीत, लावणी, पोवाडा, छक्कड, जलसा, भजन, कोकणी कांतार, जॅझ व हिंदी चित्रपटगीत अशा परस्परभिन्न प्रकारांचा समावेश होतो. या सर्वांना जोडणारा समान धागा एकच : कोळी समाजाची गीते सोडल्यास मुंबईचे जवळजवळ सर्व गाणे बाहेरून आलेल्या लोकांचे आहे. प्रत्येक समूहाने आपापल्या गावाकडील गानप्रकार येथे आणला व शहराने त्याला नवा विषय, नवा श्रोता आणि नवा अर्थ दिला. म्हणून या गीतांत शहराच्या वैभवाच्या वर्णनापेक्षा कष्ट, ताटातूट आणि ‘हे शहर कोणाचे ?’ हा प्रश्न अधिक ठळकपणे उमटलेला दिसतो.

पार्श्वभूमी : मुंबईची सात बेटे १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे आणि १६६१ च्या विवाहकरारान्वये इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. त्यापूर्वीपासून या बेटांवर कोळ्यांची वस्ती होती. वरळी, माहीम, वेसावे इ. ठिकाणच्या कोळीवाड्यांत हळद, शिमगा व नारळी पौर्णिमा या प्रसंगी गायिली जाणारी गीते ही मुंबईची सर्वांत जुनी गीतपरंपरा होय. होडी, जाळे, वारा व दर्यावर गेलेल्या माणसाची वाट पाहणे हे तिचे नेहमीचे विषय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रिका व ध्वनिफिती यांमुळे ही गीते कोळीवाड्याबाहेर पोहोचली. ‘वेसावकर आणि मंडळी’ या संचाने त्यांना विशेष लोकप्रियता मिळवून दिली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शहराचे स्वरूप झपाट्याने पालटले. बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला व पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. गिरण्या, गोदी व रेल्वे यांतील कामासाठी रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून मजुरांचा ओघ सुरू झाला. यांतील बहुसंख्य पुरुष कुटुंब गावी ठेवून येत. एकाच गावचे पंधरावीस लोक गावकीच्या एका खोलीत पाळीपाळीने राहत व खाणावळीत जेवत. मुंबईच्या मराठी गीतांतील विरहभावनेचे मूळ या राहणीत आहे. कोकणात व घाटावर जात्यावर बसलेल्या स्त्रियांच्या ओव्यांतही मुंबईला गेलेल्या धन्याचा उल्लेख वारंवार येतो. त्यामुळे हे गाणे चाळीत व गावात असे दोन्हीकडे घडत गेले, असे म्हणता येईल.

लावणी व तमाशा : शहराचे वर्णन करणाऱ्या मराठी रचनांत पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांची मुंबईवरील लावणी विशेष प्रसिद्ध आहे. बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष या गावच्या या ब्राह्मण कवीने जातिबंधने झुगारून तमाशाचा फड उभारला व पवळा या महार समाजातील नर्तकीच्या साथीने मुंबईचे प्रेक्षागार गाजविले. त्यांच्या लावणीतील मुंबई ही परगावच्या माणसाने थक्क होऊन पाहिलेली नगरी आहे. तिचे बाजार, इमारती, वाहने व नाना जातिधर्मांचे लोक यांची ती कौतुकाने नोंद करते. तमाशाला मुंबईत जो श्रोता मिळाला, तो मुख्यतः गिरणी कामगार होता. लालबागचे हनुमान थिएटर हे या श्रोत्याचे एक हक्काचे ठिकाण होते.

गिरणगावातील गाणे : परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, वरळी या भागांत कामगारांच्या चाळी दाटीने उभ्या राहिल्या व या परिसराला गिरणगाव असे नाव रूढ झाले. सुट्टीच्या रात्री चाळींतून भजनी मंडळांच्या बाऱ्या रंगत. कोकणातील चाकरमान्यांनी शक्तितुऱ्याचे सवालजवाब व जाखडी नृत्य आणले. परळचे दामोदर नाट्यगृह हे अशा प्रयोगांचे केंद्र बनले. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाचे लोण पुढे गिरणगावात पसरले आणि मेळ्यांच्या पदांमधून सामाजिक व राजकीय विषय गाण्यात शिरले.

या भूमीवर १९४० नंतर कामगार शाहिरीचा उदय झाला. मुंबईत १९४३ मध्ये भारतीय जननाट्य संघाची (इप्टा) स्थापना झाली आणि १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) हे वाळवे तालुक्यातील वाटेगावचे. मांग समाजातील हे कुटुंब पायी मुंबईला आले. अण्णा भाऊंनी पडेल ती मजुरी केली, काही काळ गिरणीत काम केले व झोपडवस्तीत राहून लेखन केले. अमर शेख (१९१६–६९), मूळ नाव महबूब हुसेन पटेल, हे बार्शीचे. तेथील गिरणीत काम करीत असतानाच ते कामगार चळवळीत आले. त्यांचा पहाडी आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय मोठ्या सभेच्या टोकापर्यंत पोहोचत असे, अशी त्यांची ख्याती होती. नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांचे ‘डोंगरी शेत’ हे गीत त्यांनीच लोकांपर्यंत नेले.

मुंबईवरील लावणी अण्णा भाऊंनीही लिहिली. तथापि तिची दृष्टी बापूरावांच्या अगदी उलट आहे. बापूरावांचा निवेदक शहर पाहतो, तर अण्णा भाऊंचा निवेदक शहरात राबतो. मलबार हिलवरील श्रीमंती व परळकडील दैन्य ही त्यांनी एकमेकांसमोर उभी केली, आणि ज्यांच्या श्रमावर हे वैभव उभे आहे त्यांचा त्यात वाटा किती, असा प्रश्न विचारला. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत (१९५५–६०) गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला कामगार गावी राहिलेल्या पत्नीची आठवण काढतो, हा तिचा पूर्वार्ध परंपरागत लावणीच्या वळणाचा आहे. उत्तरार्धात मात्र ही ताटातूट महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या प्रदेशांच्या ताटातुटीशी एकरूप होते. खाजगी विरहाचे सामूहिक मागणीत झालेले हे रूपांतर मराठी शाहिरीत अपूर्व होय. या चळवळीत शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले; १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

साताऱ्याकडील पसरणी गावचे शाहीर कृष्णराव साबळे (१९२३–२०१५) यांनी गायिलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राजा बढे यांचे व श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले गीत २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारण्यात आले. राज्य मिळूनही मुंबईत मराठी माणसाची स्थिती काय, हा प्रश्न साबळे यांनी आंधळं दळतंय या मुक्तनाट्यातून मांडला.

आंबेडकरी जलसे : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार निरक्षर श्रोत्यांपर्यंत नेण्याचे कार्य जलशांनी केले. सत्यशोधक जलशांच्या धर्तीवर १९३० च्या सुमारास नाशिक व मुंबई भागांत असे संच उभे राहिले. भीमराव कर्डक हे त्यांतील एक अग्रणी. सिन्नर तालुक्यातील वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी मुंबईत मजुरी करीत असताना अक्षरओळख करून घेतली आणि पुढे असंख्य गीते रचली. नायगावात जन्मलेले विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी आंबेडकरी गीत, लोकगीत व कव्वाली यांवर सारखेच प्रभुत्व मिळविले. या परंपरेला शोकांतिकेची किनारही आहे. घाटकोपर येथील रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाल्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली.

भेंडीबाजार घराणे : शहरातील एका वस्तीचे नाव अभिजात संगीताच्या घराण्याला मिळाल्याचे हे उल्लेखनीय उदाहरण. छज्जू खाँ, नझीर खाँ व खादिम हुसेन खाँ हे बंधू उत्तर प्रदेशातील मुरादाबाद भागातून १८७० च्या सुमारास मुंबईस येऊन भेंडीबाजारात राहिले. अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) व अमान अली खाँ (१८८८–१९५३) हे या घराण्याचे प्रमुख गायक होत.

गोमंतकीय वादक : पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन यांचे शिक्षण मिळे. रोजगाराच्या शोधात मुंबईला आलेल्या या तरुणांनी ती विद्याच उपजीविकेचे साधन केली. धोबीतलाव परिसरात गावोगावच्या लोकांनी चालविलेले ‘कूड’ म्हणजे त्यांची गावकीची खोलीच होय. पहिला कोकणी तियात्र इटालियन भुरगो हा गोव्यात नव्हे, तर मुंबईतील न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात १७ एप्रिल १८९२ रोजी झाला. जुआंव आगुस्तीन फेर्नांडिस (१८७१–१९४७) यांनी १८९५ मध्ये शहरातील काव्हेल या वस्तीच्या नावाने नाटक लिहिले. अंकांच्या मध्ये गायिली जाणारी कांतारे स्थलांतरितांच्या सुखदुःखांचे आगर बनली.

लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात आला व गोमंतकीय वादक जॅझकडे वळले. हळदोणे येथील आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–६७) हे त्यांतील नामवंत ट्रम्पेटवादक. संगीत दिग्दर्शक सी. रामचंद्र यांचे सहायक म्हणून अलबेला (१९५१) सारख्या चित्रपटांच्या संगीतात त्यांनी जॅझचा ठेका आणला. सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–९८) यांनी शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या चालींना वाद्यवृंदाचा साज चढविला. अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे संगीत दिग्दर्शक प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. अमर अकबर अँथनी (१९७७) या चित्रपटातील नायकाच्या नावातून शिष्याने गुरूचे ऋण मान्य केले. परंतु हे अपवादच. चाल दिग्दर्शकाची व शब्द कवीचे अशी नोंद तबकडीवर होई. स्वरमेळ लिहिणारा व वाद्ये वाजविणारा मात्र बहुधा अनामिकच राही. क्रिस पेरी (१९२८–२००२) व गायिका लोर्ना यांची कोकणी गीते चर्चगेट भागातील उपाहारगृहांच्या जॅझयुगाचे सर्वांत जिवंत स्मारक होत.

हिंदी चित्रपटगीते : मुंबई हे हिंदी चित्रपटाचे निर्मितिकेंद्र असल्याने कवीही येथे दूरदेशीहून आले व त्यांनी या शहराची देशभर ओळख घडविली. मजरूह सुलतानपुरी यांनी सी. आय. डी. (१९५६) साठी लिहिलेले मुंबईवरील गीत ओ. पी. नय्यर यांनी एका अमेरिकन लोकगीताच्या वळणावर बांधले आणि मोहंमद रफी व गीता दत्त यांनी गायिले. शहरातील फसवणूक व माणुसकीचा अभाव यांवर ते हसत हसत बोट ठेवते. फिर सुबह होगी (१९५८) मध्ये साहिर लुधियानवी यांनी इक्बाल यांच्या प्रसिद्ध गीताचे विडंबन करून पदपथावर झोपणाऱ्या बेघराला बोलते केले. गमन (१९७८) या उत्तर प्रदेशातून आलेल्या टॅक्सीचालकाच्या कथेत शहरयार यांची गझल जयदेव यांच्या संगीतात सुरेश वाडकर यांनी गायिली. माणसांच्या गर्दीत प्रत्येक जण व्याकूळ का, हा तिचा प्रश्न आणि ‘माझी मैना’तील कामगाराची व्यथा यांत भाषेखेरीज फारसे अंतर नाही.

ऱ्हास व परिवर्तन : दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार सामील झाले. संप विफल झाला, अनेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर कालांतराने कार्यालये, बाजारसंकुले व उत्तुंग निवासी इमारती उभ्या राहिल्या. शाहिरीच्या ऱ्हासाचे कारण दूरचित्रवाणी किंवा अभिरुचीतील पालट असे सांगितले जाते. परंतु ते अपुरे आहे. चाळीचा चौक, गावकीची खोली, संपाची सभा व पाळी संपल्यावर एकत्र जमणारा श्रोता या गोष्टी नष्ट झाल्यामुळे गाण्याचा आधारच निखळला. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात इलेक्ट्रॉनिक वाद्ये आल्यावर गोमंतकीय वादकांच्या मोठ्या ताफ्यांवरही हीच पाळी आली.

परंपरा मात्र खंडित झाली नाही. संभाजी भगत यांच्यासारख्या शाहिरांनी ती १९८० नंतरही चालू ठेवली. अंधेरी व कुर्ला येथील वस्त्यांत वाढलेल्या डिव्हाइन व नेझी या तरुणांचे रॅप २०१५ च्या सुमारास गाजू लागले आणि गली बॉय (२०१९) या चित्रपटामुळे ते सर्वदूर पोहोचले. त्यांची लय परदेशी असली, तरी आपल्या गल्लीचे नाव अभिमानाने घेऊन शहराकडे आपला वाटा मागण्याची त्यांची रीत शाहिरांच्या जवळची आहे. ज्यांच्या नावावर या शहरात फारशी मालमत्ता नव्हती, त्यांनीच गाण्यातून त्यावर आपला हक्क नोंदविला, हे मुंबईच्या गीतांचे वैशिष्ट्य होय. गिरण्यांची धुराडी दिसेनाशी झाल्यावर त्यांच्याभोवतीच्या जीवनाचा एक महत्त्वाचा दस्तऐवज म्हणूनही या गीतांचे मोल मोठे आहे.