बांधकाम करार : वाढीव कामांचा हिशेब कसा ठेवावा?

(प्रतिनिधी)

गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीची मोठी दुरुस्ती असो वा स्वतःच्या भूखंडावरील बंगल्याचे बांधकाम, ठेकेदाराचे अंतिम देयक हाती पडले की वादाला तोंड फुटते. कराराची रक्कम एक आणि देयकाची रक्कम दुसरीच! या फरकाचे मूळ बहुधा काम सुरू असताना उच्चारलेल्या एका वाक्यात सापडते : ‘हेही करून टाका, हिशेब नंतर पाहू.’

कामात बदल होणे यात गैर काही नाही. जुन्या इमारतीच्या खांबाचा गिलावा काढेपर्यंत आतील सळ्या किती गंजल्या आहेत, हे सल्लागारालाही नेमके सांगता येत नाही. पाया खणताना अपेक्षेपेक्षा लवकर खडक लागतो किंवा अपेक्षेपेक्षा खोल जावे लागते. त्यामुळे निविदेतील परिमाणे हा एक अंदाजच असतो. वाद उद्भवतो तो बदल झाला म्हणून नव्हे, तर त्याची किंमत व मुदत आधी ठरली नाही म्हणून.

बदलांचे चार प्रकार

कोणताही बदल पुढील चारपैकी एका प्रकारात मोडतो. करारातील बाबीचे परिमाण वाढणे हा पहिला प्रकार. करारात मुळीच नसलेली बाब नव्याने करणे, म्हणजे व्यवहारातील ‘एक्स्ट्रा आयटम’, हा दुसरा. एका बाबीऐवजी दुसरी करणे, उदाहरणार्थ साध्या फरशीऐवजी ग्रॅनाइट बसवणे, हा तिसरा आणि ठरलेले काम वगळणे हा चौथा. प्रत्येकाचा हिशेब वेगळा असल्याने देयकातही त्यांची नोंद स्वतंत्र हवी.

वगळण्याच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. गरज उरली नाही म्हणून काम वगळणे वेगळे आणि तेच काम दुसऱ्याकडून स्वस्तात करून घेण्यासाठी वगळणे वेगळे. करारात तशी स्पष्ट मुभा नसेल, तर दुसऱ्या परिस्थितीत मूळ ठेकेदार नुकसानभरपाईचा दावा करू शकतो.

दर कसा ठरवावा?

राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा ‘बी-१’ हा निविदा नमुना याबाबत मार्गदर्शक ठरतो. वाढीव व बदललेल्या कामांची तरतूद त्यातील कलम १४ मध्ये, तर परिमाणवाढीची तरतूद कलम ३८ मध्ये आहे. निविदेतील परिमाण २५ टक्क्यांहून अधिक वाढले, की त्यापलीकडील भागाच्या दराचा प्रश्न तेथे दरसूचीच्या आधारे हाताळला जातो. समजा, अशीच मर्यादा संस्थेने आपल्या करारात घातली आणि गिलाव्याचे परिमाण ४०० चौरस मीटर धरले. प्रत्यक्षात ते ६२० झाले, तर ५०० चौरस मीटरपर्यंत करारातील दरच लागू होईल आणि उरलेल्या १२० चौरस मीटरचा दर नव्याने ठरवावा लागेल.

नव्या बाबीसाठी दराची एक उतरंड करारातच लिहून ठेवावी. करारात तशीच बाब असल्यास तिचा दर घ्यावा. मिळतीजुळती बाब असल्यास तिच्यावरून दर काढावा. तीही नसल्यास शासकीय दरसूचीचा आधार घ्यावा. दरसूचीतही बाब नसेल, तर दरविश्लेषण करावे : साहित्य, मजुरी, यंत्रसामग्री, वाहतूक आणि त्यावर ठेकेदाराचा नफा व वरखर्च. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरविश्लेषणात नफा व वरखर्च मिळून १५ टक्के धरण्याची पद्धत आहे. ठेकेदाराने यापेक्षा फार अधिक टक्केवारी लावली असेल, तर कारण विचारावे. दरात वस्तू व सेवा कर धरला आहे की नाही, हेही स्पष्ट करून घ्यावे.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६२ नुसार दोन्ही पक्षांच्या संमतीने करारात बदल करता येतो. एकट्या पक्षाला तो लादता येत नाही. करारानेच तसा अधिकार दिला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणूनच बदलाचे आदेश कोणी द्यावेत व कोणत्या मर्यादेपर्यंत, हे करारात नमूद असणे अगत्याचे ठरते.

‘आम्ही लेखी दिलेच नव्हते’ हा बचाव मात्र नेहमी टिकत नाही. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या खटल्यात ठेकेदाराने अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, स्वयंपाकघर अशी कामे करून दिली होती. भारत सरकार अधिनियम, १९३५ ला अपेक्षित असलेला रीतसर करार झालेला नव्हता. तरीही शासनाने कामे स्वीकारून त्यांचा उपयोग केला असल्याने कलम ७० खाली मोबदला द्यावा लागेल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६१ मध्ये दिला. बहुमताचे निकालपत्र न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे होते. काम फुकट करण्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, हे या कलमाचे सूत्र आहे. मात्र करारातच वाढीव कामाची तरतूद असेल, तर आधी ती पाहिली जाते.

ठेकेदारानेही गाफील राहू नये. केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी दावा करण्याची मुदत, मुदत अधिनियम, १९६३ नुसार, सर्वसाधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षांची आहे.

संस्थेने घ्यावयाची दक्षता

* बदलाचा प्रत्येक आदेश लेखी व अनुक्रमांकासह असावा. काय करायचे, किती रुपयांत आणि किती दिवसांत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात असावीत.
* आदेश देण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा. प्रत्येक सभासदाने ठेकेदाराला परस्पर सूचना देऊ नयेत. सभासदाला घरात स्वतंत्र काम करून घ्यायचे असल्यास त्याचे देयक वेगळे ठेवावे.
* झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी मोजून मोजमाप पुस्तकात नोंदवावे, छायाचित्रे काढावीत. गिलाव्याखाली गेलेल्या सळ्या नंतर मोजता येत नाहीत.
* अंदाजपत्रकात अनपेक्षित कामांसाठी काही रक्कम आधीच राखून ठेवावी. सर्वसाधारण सभेने मंजूर केलेली मर्यादा ओलांडण्याची चिन्हे दिसताच कार्यकारिणीने पुन्हा सभेपुढे जावे. खर्च करून मागाहून मंजुरी घेऊ नये.
* वाढीव कामासाठी मुदतवाढही त्याच आदेशात द्यावी. ती न दिल्यास विलंबाचा दंड आकारताना संस्थेचीच अडचण होते.
* तातडीच्या वेळी तोंडी किंवा मोबाइलवरील संदेशाने सूचना द्यावी लागल्यास दोन-तीन दिवसांत तिची लेखी पुष्टी करावी.

वाढीव कामाचा पैसा अखेर सभासदांच्या खिशातून जातो आणि मतभेद टोकाला गेले, तर परांची बांधलेली इमारत ऐन पावसाळ्यात अर्धवट राहते. काम सुरू होण्यापूर्वी सही झालेला एक कागद हा प्रसंग टाळू शकतो. ठेकेदारालाही त्या कागदाचा तेवढाच आधार असतो.